धुरा पाहायला निघणारे गाव



जिल्हा बैठकीत कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि विजेचे बिल बाजूला ठेवून आम्ही आज एका इंग्लिश गावाची गोष्ट सांगायला उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. मागच्या रांगेतून कोणी म्हणेलही, की साहेब गेला, त्याचे गाव त्याला लखलाभ, आपल्याला त्याचे काय? तरीही दोन कारणांसाठी थोडा वेळ मागतो.

पहिले कारण असे. सरकारी कागदावर हेक्टर-आर येऊन कित्येक वर्षे झाली, पण तोंडात अजून एकरच आहे. हा एकर कुठून आला? इंग्लंडच्या उघड्या शिवारात बैलजोड्यांचे औत एका दिवसात जेवढे नांगरू शके, तो एकर. बैलांनी न थांबता मारलेल्या एका लांब तासाला ते फर्लांग म्हणत. आपली म्हातारी माणसे ‘फर्लांगभर अंतर’ म्हणतात, तोच हा फर्लांग. त्याची लांबी 220 यार्ड. या लांबीला 22 यार्डांची, म्हणजे एका मोजणीच्या साखळीची, रुंदी दिली की एक एकर होतो आणि त्यात आपले 40 गुंठे बसतात. पोरे क्रिकेट खेळतात ती खेळपट्टीही तीच 22 यार्डांची, म्हणजे एक साखळी लांब. आपली जमीन ज्या मापाने मोजली गेली ते माप दुसऱ्या कोणा शेतकऱ्याच्या औतामागून आलेले आहे.

दुसरे कारण जवळचे आहे. या सभेतल्या किती जणांच्या घरी धुऱ्याचा खटला चालू आहे, त्यांना हात वर करायला आम्ही सांगत नाही. सांगितले तर पंचाईत होईल, कारण ज्याच्याशी खटला आहे तोही बहुधा इथेच बसला आहे. दरसाल एक काकर इकडे सरकते, एक दिवस कुऱ्हाडी निघतात आणि मग दोघांचा कापूस वकिलाच्या घरी जातो. मोजणी येते, खुणा लागतात, पुढच्या पेरणीला खुणा नाहीशा होतात. ज्या गावाची गोष्ट सांगणार आहोत, त्या गावात हा प्रश्न पिढ्यानपिढ्या सोडवला जातो आणि आजही जातो.

गावाचे नाव लॅक्सटन. नॉटिंगहॅमशायर परगण्यात, शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला, काही शे वस्तीचे हे गाव. विलायतेत सदा पाऊस अशी आपली समजूत असते. तिकडे वर्षाचा पाऊस मराठवाड्याहून जास्त नाही. फरक एवढाच, की तो बाराही महिन्यांत विभागून पडतो. जमीन लाल चिकणमातीची आणि भारी. ओली असली की पायाला चिकटते, वाळली की दगड होते. काळ्या रानात वखर चालवलेल्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

1086 साली इंग्लंडच्या राजाने साऱ्या मुलखाची मोजदाद करवली, त्या दप्तरात या गावाची नोंद आहे. गावाच्या उत्तरेला जुन्या किल्ल्याची टेकडी आहे. मधून एक रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना शेतकऱ्यांची घरे, गोठे, मागे परसाची लांबट जागा. इंग्लंडच्या बहुतेक भागांत शेतकरी आपापल्या कुंपणात, शेतातल्या घरात राहतो. इथे तो गावठाणात राहतो आणि सकाळी शिवारात जातो. म्हणजे गावाची बैठक आपल्यासारखी आहे. गावात एक कोंडवाडाही आहे. मोकाट जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले तर ते तिथे डांबायचे आणि दंड भरून सोडवून न्यायचे, ही रीत त्यांचीही होती.

आता शिवार कसे होते ते पाहा. गावाभोवती चार मोठी शिवारे होती, त्यांतली तीन आज शिल्लक आहेत. पश्चिमेचे शिवार, दक्षिणेचे शिवार आणि गिरणीचे शिवार. प्रत्येक शिवार शेकडो लांब पट्ट्यांत विभागलेले. पट्ट्यांमध्ये कुंपण नाही. कोणाही एका शेतकऱ्याच्या साऱ्या पट्ट्या एके ठिकाणी नाहीत, दोन इथे, चार तिकडे, एक टेकाडावर, एक खोलगटात. पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. आपल्याकडे 1947 साली तुकडेबंदीचा कायदा आला तो अशाच गोंधळावर उपाय म्हणून.

पण ज्यांनी पट्ट्या अशा पाडल्या ते वेडे नव्हते. ऑक्सफर्डच्या चार्ल्स आणि ख्रिस्टाबेल ऑरविन या पतिपत्नींनी लॅक्सटनचा अभ्यास करून 1938 साली उघड्या शिवारांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की भारी जमिनीला मोठे औत लागे, एवढे बैल एका घरी नसत, म्हणून लोक बैल एकत्र करून नांगरत. आज नांगरलेले एकाचे, उद्याचे दुसऱ्याचे, परवाचे तिसऱ्याचे. सावड म्हणा, इर्जिक म्हणा. त्यातूनच पट्ट्या विखुरल्या. दुसरे अभ्यासक म्हणतात, की टेकाडाची थोडी आणि खोलगटाची थोडी अशी जमीन असली म्हणजे पाऊस जास्त झाला काय किंवा कमी झाला काय, सारे पीक एकदम बुडत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला दोन्ही कारणे पटतील. मुरमाड रानात ज्वारी वाळते तेव्हा खालच्या रानातली ज्वारी घर तारते, हे आपण पाहिलेले आहे.

पट्ट्या अशा मिसळलेल्या असल्या की प्रत्येकाने आपल्या मनाने पेरून चालत नाही. म्हणून अख्ख्या शिवाराची फेरपालट ठरलेली. एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर गहू, दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायचे सातू, ओट, वाटाणा किंवा घेवडा, तिसऱ्या वर्षी पडीक. पीक निघाले की धाटांवर गावाची जनावरे चरत आणि त्यांचे शेण रानातच पडे. आज पडीक वर्षी चाऱ्याचे पीकही घेतात, पण तीन वर्षांचा फेरा मोडलेला नाही.

पट्ट्यांच्या मध्ये, उताराला आणि ओघळीत, जिथे नांगर चालत नाही अशा गवताच्या जागा आहेत. त्या कोणा एकाच्या नाहीत. तिथल्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो आणि आलेला पैसा ज्यांचा पूर्वापार चराईचा हक्क आहे त्यांच्यात वाटला जातो. शेकडो वर्षे नांगर न लागल्याने तिथली रानफुले टिकली, म्हणून सरकारने त्यातल्या बऱ्याच जागांना संरक्षण दिले आहे. आपल्याकडच्या गायरानांचे काय झाले ते आठवून हे ऐकावे.

लॅक्सटनचा 1635 सालचा नकाशा आजही ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने तो काढला. एकेक पट्टी, तिचा क्रमांक, तिचा धनी आणि क्षेत्र, सगळे नोंदलेले आहे आणि मधून मधून नांगरणारी, कापणी करणारी माणसेही चितारलेली आहेत. हा नकाशा काढवून घेणारा धनी होता लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टन. त्याने गाव विकत घेतले होते. याच कोर्टनला त्याच 1635 साली इंग्लंडच्या राजाने हिंदुस्थानशी व्यापाराचा परवाना दिला, तोही ईस्ट इंडिया कंपनीला डावलून. पुढल्या वर्षी त्याची गलबते गोव्याला आली आणि मग भटकळ, कारवारला त्याच्या माणसांनी वखारी घातल्या. म्हणजे एक हात लॅक्सटनच्या पट्ट्या मोजत होता आणि दुसरा आमच्या किनाऱ्यावरची मिरी तोलत होता. कोर्टन 1636 साली वारला, त्याच्या घराण्याची दौलत गेली आणि गाव पिअरपाँट नावाच्या उमराव घराण्याकडे गेले. पट्ट्या जिथल्या तिथे राहिल्या.

आता धुऱ्याकडे येऊ. गव्हाची पेरणी उरकली, की नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी एक दिवस ठरतो. त्या दिवशी बारा पंच गावच्या पबपाशी जमतात. पबचे नाव ‘डव्हकोट इन’, म्हणजे कबुतरखाना. हे पंच बाहेरून आलेले हाकीम नाहीत. याच शिवारात पट्ट्या कसणारे शेतकरी आहेत आणि त्यांच्यातलाच एक त्यांचा म्होरक्या. मेखा आणि घण घेऊन ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात आणि त्या वर्षी गहू पेरलेल्या शिवारात जातात. सगळी शिवारे एका दिवसात पाहत नाहीत. एका वर्षी एकच, तीन वर्षांत सगळी.

शिवारात ते काय पाहतात? कोणी शेजाऱ्याच्या पट्टीत तास घातले का. कोणी पांदण नांगरली का. कोणी गवताच्या जागेत औत घातले का. कोणी आपल्या वाट्याचा चर उपसायचा ठेवला का. हद्द कुठे संशयाची वाटली तर तिथल्या तिथे मेख ठोकून पक्की करतात. मग पबमध्ये जेवण होते आणि कोणाला किती दंड लावायचा ते ठरते. आठवड्याभराने गावाचे कोर्ट बसते. जमीनमालकाने नेमलेला कारभारी अध्यक्ष असतो. पंच आपला अहवाल देतात, दंडाची नोंद होते आणि पुढल्या वर्षी ज्या शिवाराची पाळी आहे त्याचे पंच नेमले जातात.

दंड किरकोळ असतो. त्या पैशाने कोणी श्रीमंत होत नाही आणि कोणी बुडत नाही. मग लोक मानतात का? आम्ही यावर आमच्या मंडळींत बरीच चर्चा केली आणि आम्हाला तीन कारणे दिसली. एक, तास सरकले की त्याच हंगामात, पीक बोटभर असतानाच ते पकडले जाते. वीस वर्षांचा राग साचत नाही. दोन, पाहणारे स्वतः कसणारे आहेत. नांगर चुकून सरकला की मुद्दाम सरकवला, हे त्यांना मातीकडे पाहून कळते. तीन, आज जो पंच आहे त्याची पट्टीही उद्या कोणीतरी पाहणार आहे. ज्याला उद्या तपासून घ्यायचे आहे, तो आज तोलून मापून बोलतो.

1977 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने न्यायव्यवस्थेचा कायदा करून अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार संपवले. काही ठिकाणी ती नावापुरती, समारंभापुरती उरली. त्या कायद्यातून लॅक्सटनचे कोर्ट तेवढे वगळले गेले. कारण तिथे समारंभ नव्हता, काम होते.

मग बाकीच्या इंग्लंडचे काय झाले? एके काळी मध्य इंग्लंडात बहुतेक गावे अशीच होती. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटने कुंपणबंदीचे 5,200 हून जास्त कायदे केले आणि 68 लाख एकर जमिनीवर कुंपणे उठली. पट्ट्या एकत्र करून ज्याच्या त्याला सलग तुकडा मिळाला, चराया वाटल्या गेल्या. त्यात काहीच चांगले नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. सलग रानात निचरा करता येतो, नवे पीक घेता येते, जनावरांची पैदास सुधारता येते, शेजाऱ्याच्या रोगट मेंढीपासून आपली मेंढी वाचते. ज्याच्याजवळ भांडवल होते त्याचे उत्पन्न वाढले. पण कुंपण घालायला, मोजणीला आणि वकिलाला पैसा लागे. लहान शेतकऱ्याला तो झेपला नाही, त्याने वाटा विकला. ज्याच्याकडे जमीन नव्हती, फक्त एक गाय आणि चराईची वहिवाट होती, त्याची गाय गेली आणि तो मजूर झाला. आर्थर यंग हा कुंपणबंदीचा मोठा पुरस्कर्ता. त्यानेच 1801 साली कबूल केले, की अशा वीस कायद्यांपैकी एकोणीस कायद्यांत गरिबाचे नुकसान झाले. तोवर उशीर झाला होता.

लॅक्सटन कसे वाचले? गावकऱ्यांनी लढा दिला म्हणून वाचले असे सांगितले तर टाळ्या पडतील, पण ते खरे नाही. इतिहासकार जॉन बेकेट यांनी 1989 साली या गावाचा इतिहास लिहिला. गावची जमीन एकाच्या हाती नव्हती, दोन मोठ्या जमीनदार घराण्यांत वाटलेली होती. त्यांचे अदलाबदलीवर जमेना, खर्चही मोठा. होता होता काळ उलटला, शेतमालाचे भाव पडले आणि कुंपणबंदी करण्यातला फायदाच राहिला नाही. मोठ्यांच्या न जमण्यामुळे गाव वाचले. ते टिकवले मात्र गावाने, दरसाल पंच पाठवून.

या गावाला सोन्याचा मुलामा देऊन तुमच्यापुढे ठेवायचे नाही. तिथला शेतकरी जमिनीचा मालक नाही, कूळ आहे. कोर्ट नावाने जमीनदाराचे होते. पट्टी नसलेल्या मजुराला शिवाराच्या कारभारात बोलायची सोय नव्हती. गावही जसेच्या तसे राहिलेले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारीक पट्ट्या एकमेकींत मिळवून रुंद केल्या गेल्या. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. शेतकऱ्यांची संख्या घटली. नुसत्या उघड्या पट्ट्यांवर कोणाचे घर चालत नाही, जोडीला कुंपणातली जमीन लागते. त्यातच इंग्लंडच्या सरकारने 2021 पासून शेतकऱ्याला थेट मिळणारे अनुदान टप्प्याटप्प्याने उतरवायला सुरुवात केली, ते 2027 पर्यंत संपवायचे ठरले आहे. शिवार कितीही जुने असो, त्यातला गहू बाजारातच विकावा लागतो.

आणि मालकी? 1952 साली उमरावाने गाव विकायला काढले तेव्हा ही पद्धत मोडू नये म्हणून सरकारच्या शेती खात्याने ते विकत घेतले. 1981 साली सरकारने ते राजघराण्याच्या नावे चालणाऱ्या ‘क्राउन इस्टेट’ या संस्थेकडे दिले. 2018 साली त्या संस्थेने ते विकायचे जाहीर केले. तेव्हा गावात घोर लागला. नवा मालक कोण येणार, फेरपालट पाळणार का, की पट्ट्या मोडून सलग करणार? 2020 साली जमीन थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे 1952 पूर्वी ज्यांच्याकडे होती त्याच घराण्याच्या वारसांकडे, परत गेली आणि पद्धत चालू राहिली. पण पाहा, ज्या शिवारातल्या फूटभर जमिनीचा निवाडा गाव स्वतः करते, ते अख्खे शिवार कोणाच्या नावे जाणार याचा निवाडा गावाच्या हाती नव्हता. ही त्यांची उणीव आहे. आपले उलट आहे. आपला सातबारा आपल्या नावावर आहे, पण शेजाऱ्याने काकर सरकवली तर ती कोणी पाहायची, याला आपल्याकडे उत्तर नाही. तलाठ्याकडे जा, मोजणीचे पैसे भरा, तारीख घ्या.

हेन्री मेन नावाचे इंग्रज कायदेपंडित 1862 ते 1869 या काळात हिंदुस्थान सरकारच्या कौन्सिलात होते. परत गेल्यावर 1871 साली त्यांनी पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या गावगाड्यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. विद्वानांनी पुढे त्यांच्या सिद्धांतातल्या बऱ्याच चुका काढल्या. पण आपल्या देशातल्या उघड्या शिवारांच्या खुणा समजायला ते आमच्या गावांकडे पाहत होते, एवढे खरे. तेव्हा आम्ही आज त्यांच्या गावाकडे पाहिले तर त्यात कमीपणा नाही.

आपण लॅक्सटन व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पट्ट्यांकडे परत जा, सगळ्यांनी एकच पीक पेरा, असेही नाही. आपण काय पेरायचे ते आपले आपण ठरवू. आम्ही एवढेच पुढे ठेवतो, की धुरा कागदावर टिकत नाही, तो पाहण्याने टिकतो. तोही भांडण पेटल्यावर नव्हे, दरसाल, पेरणी उगवून आल्यावर, उन्हे चढायच्या आत, जे कसतात त्यांनीच जाऊन पाहिला तर.

प्रत्येक गावाच्या शाखेने या बैठकीनंतर आपल्या पारावर एक प्रश्न घ्यावा. आपल्या शिवारात दोन्ही बाजूंना चालेल अशी बारा माणसे निघतात का? आणि ती निघाली, तर आधी आपल्या स्वतःच्या धुऱ्यावर त्यांना घेऊन जायची आपली तयारी आहे का? दुसऱ्याचा धुरा दाखवायला सगळेच तयार असतात. ज्या गावात पहिला माणूस उठून म्हणेल, की चला, आधी माझा पाहा, त्या गावाची बातमी पुढल्या बैठकीला आणावी. ती ऐकायला आम्हाला आवडेल.